चर्चा : ग्रंथाचा नवा अर्थ लावला की ग्रंथ मोडतो का?

शहापूरकर : काल कट्ट्यावर मित्र म्हणाला, "पोथीचा अर्थ बदलला की पोथी संपली." मला पटत नाही. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली आहे. पण ते वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घ्यायचे, गरिबालाच पैसे मिळेनात. आपल्याकडं कर्जमाफीची हवा उठली की सोसायटीत काय होतं, ते आठवा. दोन हजार वर्षांपूर्वी हिलेल या रब्बीनं, म्हणजे ज्यू धर्मपंडितानं, तोड काढली : येणं न्यायसभेकडं सोपवायचं, म्हणजे त्याला माफी लागू नाही. त्या दस्ताला प्रोझबुल म्हणतात. अक्षर राहिलं आणि गरिबाची अडही भागली.

निपाणीकर : अड भागली, पण माफी गेली की! हक्क तोच होता. आज्यानं तंबाखूसाठी काढलेलं कर्ज माझ्या वडिलांनी फेडलं. सातव्या वर्षी पाटी कोरी होणं म्हणजे काय, ते आमच्या घराला विचारा. माफीचं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नकोस, असंही तीच तोरा सांगते. सावकार ऐकत नाही, तर बदलायचं कुणी? सावकारानं की ग्रंथानं?

कॅम्पातली मुलगी : मी मुसलमान, शाळा मराठी. माझ्या फुफीला, म्हणजे आत्याला, एका दमात तीन तलाक देऊन घराबाहेर काढलं. शिलाई मशीन तेवढं घेऊन ती रिक्षातून आमच्या दारात उतरली, सुईत हिरवा दोरा तसाच होता. कुराणात (२:२२९) तलाक दोनदा, आणि नंतर नीट नांदवा किंवा भलेपणानं सोडा, असं आहे. एका बैठकीतले तीन चालतात, हा अर्थ नंतर माणसांनीच लावला. सुप्रीम कोर्टानं ती रीत २०१७ साली रद्द केली. ट्युनिशियानं तर १९५६ सालीच बहुपत्नीत्व बंद केलं, आधार कुराणाचाच : समान न्याय जमणार नसेल तर एकच बायको, आणि तो तुम्हाला जमणार नाही (४:३, ४:१२९).

निपाणीकर : ताई, फुफीवर अन्याय झाला, त्यात वादच नाही. पण तुम्ही ग्रंथाकडं परत गेलात, ही तर माझीच बाजू. ट्युनिशियात सरकारनं वरून कायदा आणला. उद्या दुसरं सरकार दुसरा अर्थ लावेल.

शहापूरकर : म्हणून तर अर्थ चारचौघांत ठरावा. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, एका भट्टीच्या शुद्धतेवरून वाद आहे. रब्बी एलिएझरच्या बाजूनं आकाशवाणी झाली, तरी रब्बी यहोशुआ उठून म्हणाले, "तोरा आता आकाशात नाही." बहुमतानंच ठरलं.

कॅम्पातली मुलगी : त्या बहुमतात बायका किती होत्या, दादा? फुफीला ती आयत तोंडपाठ आहे. तलाकाचा फैसला करायला मोठी माणसं बसली, तेव्हा तिला आत बोलावलं नाही. ती बाहेर चपलांपाशी उभी होती.