जुना विंडोज सातचा पीसी व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकायचाय, व्हीडीआय, व्हीएमडीके की व्हीएचडी?

कलमवाला_देवगड:
नमस्कार मंडळी. बाबांचा आंब्याचा धंदा आहे, बागायतदारांचा हिशोब, पेट्यांची नोंद, वाशीहून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) असं सगळं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे जो फक्त विंडोज सात ३२ बिटवर चालतो आणि बनवणारा आता हा धंदाच करत नाही. पीसी खाऱ्या हवेने पार गंजलाय, मागच्या मे महिन्यात ऐन गडबडीत दोनदा बंद पडला. मी नवीन लॅपटॉप घेतलाय, उबुंटू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकलंय, म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरने दुसरा पीसी (व्हर्च्युअल मशीन) चालवता येतो. जुनी डिस्क १६० जीबीची, भरलेली साधारण ४० जीबी. नवीन मशीन बनवताना त्याच्या डिस्कची जी फाईल बनते तिचा फॉरमॅट विचारतो आणि वर डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) की फिक्स्ड (आधीच पूर्ण आकाराची) हेही विचारतो. चुकीचं निवडलं तर नंतर बदलता येतं का? १२ वर्षांचा हिशोब आहे, तो जाता कामा नये. आणि आमच्याकडे लाईटचं काय आहे ते तुम्हाला माहितीच आहे.

खाडीकाठ:
फॉरमॅट नंतर बदलता येतो, त्यामुळे तिथे अडकून राहू नकोस. व्हर्च्युअलबॉक्सच वापरणार असशील तर व्हीडीआय घे, तो त्याचा स्वतःचा फॉरमॅट आहे, डिस्क वाढवणं, नंतर फाईल आवळणं (कॉम्पॅक्ट) हे सगळं त्यात नीट चालतं. व्हीएमडीके व्हीएमवेअरचा, उद्या तिकडे जायचं असेल तरच, कारण त्यात कॉम्पॅक्ट होत नाही. व्हीएचडी मायक्रोसॉफ्टचा, २ टीबीच्या पुढे जात नाही पण तुला त्याचं काही नाही.

पण तुला नवीन रिकामी डिस्क बनवायचीच नाहीये, जुनी जशीच्या तशी आणायचीय ना? मग जुन्या पीसीवर डिस्कटूव्हीएचडी चालव, मायक्रोसॉफ्टचंच फुकट टूल आहे, पीसी चालू असतानाच पूर्ण डिस्कची फाईल करतं. त्यात व्हीएचडीएक्सची (व्हीएचडीचा नवा प्रकार) टिक आधीच असते ती काढ, साधी व्हीएचडी कर. फाईल बाहेरच्या हार्डडिस्कवर टाक आणि ती हार्डडिस्क एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीच्या वर फाईल मावत नाही, एनटीएफएस कर. मग लॅपटॉपवर व्हीबॉक्समॅनेजच्या (व्हर्च्युअलबॉक्सबरोबर येणारी कमांड) क्लोनमीडियमने त्या व्हीएचडीची व्हीडीआय करून घे. मूळ व्हीएचडी अजिबात डिलीट करू नको.

चालू केल्यावर निळी स्क्रीन येऊन शेवटी ७बी दिसलं तर घाबरू नको, डेटा गेलेला नसतो. आयडीई आणि साटा या डिस्क जोडायच्या दोन पद्धती, जुना पीसी आयडीई मोडवर असेल आणि तू व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क साटा कंट्रोलरवर लावली असशील तर असं होतं. सेटिंगमध्ये आयडीईवर लाव. विंडोज ऍक्टिव्हेशन परत मागेल तेही लक्षात ठेव.

मालवणी_माणूस:
अरे बाबा, तुका एकच सांगतंय, फिक्स्ड घे. डायनॅमिक फाईल लिहिता लिहिता वाढत असते, कुठला तुकडा कुठे ठेवला याचा तक्ता त्याच फाईलमध्ये असतो, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर तो तक्ताच बिघडू शकतो. तौक्ते वादळात २०२१ च्या मे महिन्यात आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती आणि त्याच्या आधी दहा वेळा ये-जा झाली, त्यात माझी एक डायनॅमिक फाईल गेली ती उघडलीच नाही.

खाडीकाठ:
मालवणी दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण याच्या बाबतीत फिक्स्ड म्हणजे १६० जीबीची फाईल, ती रोज बॅकअपला कॉपी कोण करणार? कंटाळा येऊन चार दिवसात बंद होईल. डायनॅमिक सध्या साधारण ४० जीबीचीच होईल. शिवाय लॅपटॉपला बॅटरी आहे, लाईट गेली म्हणून तो धाडकन बंद होत नाही, तुमचा डेस्कटॉप होता. बॅटरी उतरायच्या आत आतलं विंडोज शटडाऊन करायचं एवढी सवय लावायची.

मालवणी_माणूस:
लॅपटॉप आहे हे वाचलंच नव्हतं. मग डायनॅमिक चालेल. पण एसएसडीवर जागा मोकळी ठेव, होस्टची, म्हणजे लॅपटॉपची, डिस्क भरली की मशीन मध्येच पॉज होतं.

गुहागर_नेट:
एक गोष्ट कोणी बोललं नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं. मी तो घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजून बसलो होतो. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ व्हीडीआय तिथेच गोठते आणि पुढचं सगळं स्नॅपशॉटच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाईलमध्ये जातं. मी महिनोन्महिने फक्त मूळ व्हीडीआय पेनड्राईव्हवर कॉपी करत होतो, आणि मशीन नव्या लॅपटॉपवर नेलं तेव्हा आत गणपतीच्या आधीचा हिशोब. जुना लॅपटॉप सुरू होता म्हणून वाचलो. तेव्हा स्नॅपशॉट घेऊ नको, घेतलास तर काम झाल्यावर लगेच डिलीट कर म्हणजे तो मूळ फाईलमध्ये मिसळतो, आणि कॉपी करायची तर मशीन पूर्ण शटडाऊन करून अख्खं फोल्डर उचल. आणि विंडोज सातला २०२० पासून सुरक्षा अपडेट बंद आहेत, आतलं नेटवर्क ऑफ ठेव, हिशोबाला नेट लागत नाही.

कलमवाला_देवगड:
सगळ्यांचे आभार. काल रात्री व्हीएचडी करायला लावून झोपलो, सकाळी ४१ जीबीची फाईल तयार. ७बी आलंच, आयडीईवर लावल्यावर सरळ चालू झालं. बाबांनी बसून २०१३ ची एक पट्टी काढून वहीशी ताडून बघितली, रुपयान् रुपया जुळला. आता व्हीडीआय डायनॅमिक, नेटवर्क बंद, स्नॅपशॉट नाही. दोन बाहेरच्या हार्डडिस्क घेतल्यात, एक घरात आणि एक मामाकडे कणकवलीला, दर रविवारी आलटून पालटून. जुना पीसी यंदाचा सीझन संपेपर्यंत काढत नाही.