विषय: शोधनिबंध विकत घेण्याआधी

नमस्कार मंडळी,

आईच्या आजारावरचा एक शोधनिबंध वाचायचा आहे. सारांश दिसतो, पुढे गेलं की पैसे मागतात. लेख कामाचा आहे का, हे वाचल्याशिवाय कसं कळणार? विद्यापीठाशी माझा आता काही संबंध नाही. कुणी मार्ग सांगेल का?

---

ताई,

पैसे भरू नका. मी बरीच वर्षं लायब्ररीत काम केलंय, म्हणून सांगते.

वैद्यकीय विषय आहे, तेव्हा आधी पबमेड सेंट्रल ही वेबसाइट बघा. २००० सालापासून तिथे पूर्ण लेख मोफत ठेवले जातात. पबमेड वेगळं, तिथे बहुतेक वेळा फक्त सारांश असतो. या दोन नावांत फार लोक फसतात.

तिथे नसेल तर सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड काढा. तिच्याकडे डेटाबेस, म्हणजे लेखांचे ऑनलाइन संग्रह, मोजके असतात, पण त्यातले बरेच कार्डाचा नंबर टाकून घरून उघडतात. फक्त आत शिरायचं ते लायब्ररीच्याच साइटवरून. गूगलवरून थेट प्रकाशकाकडे गेलात तर तुम्ही कार्डधारक आहात हे त्याला कळत नाही, आणि तीच पैशांची पाटी समोर येते.

विद्यापीठाच्या लायब्ररीतही जाऊन विचारा. प्रकाशकांबरोबरच्या बऱ्याच करारांत बाहेरच्या माणसालाही तिथल्या संगणकावर बसून वाचायची मुभा असते. त्याला 'वॉक-इन' म्हणतात. ही सोय विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही, याचं मला कायम वाईट वाटत आलंय. घरून लॉगिन मात्र मिळणार नाही, ते विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांनाच.

---

ताईंना अजून एक. लेखाखाली पत्रव्यवहारासाठी लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहा. लेख विकल्याचे पैसे सहसा लेखकाला मिळत नाहीत, उलट कुणी वाचतंय याचा आनंदच होतो. मला एकदा दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली होती.

---

काकू, दादा, मनापासून आभार.

पबमेड सेंट्रलवर लेख नव्हता. लेखकाचं उत्तर अजून आलेलं नाही. काल विद्यापीठाच्या लायब्ररीत गेले, आत सोडतील की नाही अशी धाकधूक होती. काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं, पाहुण्यांसाठीचा संगणक दाखवला आणि शोधायलाही मदत केली. अभ्यासातले रुग्ण आईपेक्षा बरेच तरुण निघाले. सारांशात ते नव्हतंच! महत्त्वाचं टिपून आणलंय, गुरुवारी डॉक्टरांना विचारते.