टॅक्स आमचा, पंधराशे त्यांचे? आधी टोलचा हिशेब द्या

घोडबंदरचा त्रस्त (मूळ पोस्ट)
राज्याचं २०२५-२६ चं बजेट सात लाख कोटींचं, त्यातले ३६ हजार कोटी लाडक्या बहिणींना, महिना पंधराशे वाटायला. आणि आमच्या सोसायटीत आज दुपारपर्यंत तिसरा टँकर. मतं घ्यायला पैसे आहेत, पाणी द्यायला नाहीत. घर घेताना मुंबईकर ६ टक्के मुद्रांक शुल्क भरतो, ठाणेकर ७. कशासाठी? टॅक्स भरणाऱ्याला कोणी वाली नाही.

कळवा पूर्व
ही पोस्ट सकाळपासून चार ग्रुपवर वाचली. पाचव्यांदा आली तेव्हा राहवलं नाही.

त्रस्त साहेब, तुमच्या टँकरचा आणि पंधराशेचा संबंध काय? योजना जाहीर झाली जून २०२४ मध्ये. घोडबंदरला पाणी नाही म्हणून हायकोर्टाने नव्या बांधकामांना चाप लावला २०१७ मध्ये. तेव्हा कुठली बहीण लाडकी होती? शाई आणि काळू या रखडलेल्या धरणांची नावं मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय, आता माझा मुलगा दहावीला बसलाय. ठाणं आजही चार घरचं पाणी पितं. एवढ्या टॉवरना परवानग्या कोणी दिल्या ते विचारा ना! पण ते विचारलं की आपल्याच फ्लॅटचा भाव पडतो. मग धुणंभांडीवाली बरी सापडते.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे पंधराशे थेट मुलीच्या क्लासला जातात. पहिला हप्ता आला तेव्हा नवऱ्याने मागितले. मावशी म्हणाल्या, "माझ्या खात्यात आलेत." बारा वर्षांत त्यांना इतक्या ठणकावून बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आणि फुकटचंच म्हणाल, तर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईत शिरताना लागणाऱ्या आनंदनगर नाक्यावर कारला टोल नाही. जाताना ४५, येताना ४५, महिन्याचे २२ दिवस. झाले १९८०. ती भरपाई शेवटी सरकारी तिजोरीवरच. म्हणजे तुम्ही १९८० चे लाडके भाऊ! त्यावर नाही कधी पोस्ट टाकलीत.

घोडबंदरचा त्रस्त
काका, मासिक पास नावाची वस्तू होती. रोज सुटे ४५ फक्त पाहुणे भरायचे. आणि ५५ उड्डाणपुलांच्या नावाखाली किती वर्षं वसुली चालली? ती लूट बंद झाली, याला फुकट म्हणत नाहीत.

वाशी ते फोर्ट
पास होता म्हणे! मी वीस वर्षं बसच्या दांड्याला लटकून खाडीपूल ओलांडतोय, मला कुठल्या नाक्याने काय माफ केलं? वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, मुंबईत माल नेणारा ट्रक अजून टोल भरतो. तो शेवटी माझ्या भेंडीच्या भावात येतो. कारवाला एसी लावून सुळकन जातो.

घोडबंदरचा त्रस्त
घोडबंदर रोडवर "सुळकन" कोण जातं ते दाखवा, वडापाव माझ्याकडून. गायमुखला एकदा अडकून बघा.

हिशेबनीस
टोल पुरे करा हो. मी निवृत्त लेखाधिकारी. गरीब बाईला पैसे देऊ नका असं म्हणत नाही, पण आकडे बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी. म्हणजे रोजचं वाणसामान उधारीवर. पगार, पेन्शन, व्याज यांतच निम्म्याहून जास्त महसूल संपतो. आधी ४६ हजार कोटींची घोषणा, निवडणूक झाल्यावर ३६ हजार आणि मग छाननी. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी या योजनेकडे वळवले, तेव्हा खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले. आदिवासी विकासचेही वळवले. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात, याला कल्याण म्हणायचं?

कळवा पूर्व
वळवलेल्या निधीचं मान्य. तिथे तुमचं बरोबर आहे, लिहून घ्या, परत म्हणणार नाही. पण पेन्शनचं नाव तुम्हीच काढलंत. तुमची पेन्शन तिजोरीतून गेली की हक्क, मावशींची गेली की तूट?

हिशेबनीस
३४ वर्षं नोकरी केली आहे. तोंड सांभाळून लिहा.

कळवा पूर्व
मावशींची पण तीस झाली. सुट्टी न घेता.

नेरूळकर
ठाणेकरांचं भांडण मजेत वाचतोय. आम्ही राज्याच्या तोंडाकडे बघत बसलो नाही. नवी मुंबई पालिकेने अर्धवट पडलेलं मोरबे धरण विकत घेतलं, स्वतःच्या पैशाने. आता नळ सोडला की पाणी.

घोडबंदरचा त्रस्त
आलं, मोरबे आलं! सिडकोने आखून, नाल्या काढून दिलेलं शहर आयतं मिळालं तुम्हाला. आमच्याकडे आधी इमारत, मग रस्ता, मग आरक्षण कुठे होतं त्याचा शोध.

ऐरोली सेक्टर ८
नेरूळकर, माझी बहीण दिघ्यात राहते, तीही नवी मुंबईच. तिला सांगते, नळ सोड म्हणजे पाणी येतं. आणि ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करणार होते ना? पालिकेचा ठराव २०१९ चा. त्यावर लिहा की कोणीतरी.

नेरूळकर
ताई, विषय काय, आपण बोलता काय.

ऐरोली सेक्टर ८
विषय टोलचा होता का?

जुना ठाणेकर
पगारपत्रक उघडा. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, तो व्यवसाय कर. ७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा लागला, तेव्हा १९७५ मध्ये तो लावला. वि. स. पागे यांची योजना. शहरातल्या पगारदाराने गावच्या मजुराची चूल पेटती ठेवायची, हे तेव्हाच ठरलं. पन्नास वर्षं आपण भरतोय आणि कुरकुरतोय. फरक एवढाच की तेव्हा खडी फोडल्यावर पैसे मिळायचे. पालिकेचं म्हणाल तर जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ ला जीएसटी आला. आता पालिका राज्याच्या अनुदानाची वाट बघते आणि आपण टँकरची.

घोडबंदरचा त्रस्त
"खडी फोडल्यावर". हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून. पालिकेचं आणि परवानग्यांचं पटलं, तेवढं पोस्टमध्ये बदलतो. बाकी एक अक्षर नाही. चौथा टँकर आलाय, व्हॉल्व्ह उघडायला खाली जातो.

वाशी ते फोर्ट
जाता जाता सांगा, तो पास नेमका कितीचा होता?