अनुभव धागा : स्टँडातला आवाज आणि त्याच्यावरची बंदी

पिवळ्या भिंतीतला (धागाकर्ता), डॉर्टमुंड

गेल्या महिन्यात इथल्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. गप्पा फुटबॉलवर आल्या आणि यजमान म्हणाले, "ते मशाली पेटवणारे, नव्वद मिनिटं बोंबलणारे लोक आधी हाकलले पाहिजेत. मग आपण पोराबाळांना घेऊन जाऊ." त्या बोंबलणाऱ्यांत मी तेरा वर्षं उभा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनींनी तेवढ्यात श्रीखंड वाढलं म्हणून विषय टळला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही, म्हणून हा धागा.

मी २०१२ च्या ऑक्टोबरात इथं शिकायला आलो. इथल्या स्टेडियमच्या दक्षिण स्टँडात जवळजवळ २५ हजार माणसं उभ्यानं मॅच बघतात. खुर्ची नाहीच. असा एवढा मोठा स्टँड युरोपात दुसरा नाही. हॉस्टेलमधला एक पोरगा तापानं पडला आणि त्याचं तिकीट मला मिळालं. (हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.) २७ नोव्हेंबर, मंगळवार, पाहुणे ड्युसेलडॉर्फचे. यूट्यूबवर बघून बघून मी गाणी पाठ केलेली. मॅच सुरू झाली, आणि कुणी तोंडच उघडेना.

एवढ्या प्रचंड मैदानात बुटानं चेंडू मारल्याचा धप् धप् आवाज, तेवढाच. गोलकीपर बचावफळीवर खेकसत होता तेही ऐकू येत होतं. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याला खोकला आला तर तो मफलरात तोंड खुपसून खोकला. घड्याळात १२ मिनिटं १२ सेकंद झाले आणि मग जो आवाज फुटला त्यानं पायाखालचं काँक्रीट हललं. मला काय चाललंय ते कळलंच नव्हतं. मी नुसता ओरडत सुटलो.

कारण नंतर कळलं. १२ डिसेंबरला फ्रँकफुर्टमध्ये पहिल्या दोन लीगचे ३६ क्लब एका सुरक्षा आराखड्यावर मत देणार होते. त्यात १६ प्रस्ताव. गेटवर कसून झडती काय, धोक्याच्या सामन्यांना पाहुण्या पाठीराख्यांची तिकिटं कमी करणं काय. त्या नोव्हेंबरातच म्युनिकला पाहुण्यांची तंबूत नेऊन झडती घेतली गेली होती, त्यानं आगीत तेल पडलं. १२ तारीख, १२ वा महिना, म्हणून १२ मिनिटं १२ सेकंद मौन, आणि तेही सगळ्या देशात. जर्मनमध्ये आवाज म्हणजे श्टिमे आणि माहौल म्हणजे श्टिमुंग, त्यावर कोटी करून घोषणा केलेली : आवाज नाही तर माहौल नाही. मतदान झालं आणि सोळाच्या सोळा प्रस्ताव मंजूर झाले.

तो विषय आता परत आलाय. २०२५ च्या नोव्हेंबरात लाइपझिगला मोर्चा निघाला. डिसेंबरातल्या राज्यांच्या गृहमंत्र्यांच्या बैठकीपुढं नावाची तिकिटं, चेहरे ओळखणारे कॅमेरे, स्टेडियमबंदी असे विषय होते. मी गेलो होतो. शाल्के, म्हणजे आमच्या कट्टर वैरी क्लबाच्या एका पाठीराख्यानं मला त्याच्या थर्मासमधली कॉफी दिली. इकडच्या मित्रांना कृपया सांगू नका.

तुम्ही असे उभे राहिला असाल, बंदी भोगली असेल किंवा या लोकांचा त्रास झाला असेल, तर लिहा. जर्मनीच पाहिजे असं नाही. क्लबाचं, माणसांचं नाव टाकू नका.

बिनखुर्ची, बर्लिन

आमच्या युनियन क्लबाच्या मैदानात २२,०१२ माणूस मावतं आणि त्यात खुर्च्या ३,६१७. २००८-०९ मध्ये मैदान मोडकळीला आलं, क्लबाकडं पैसा नव्हता, तेव्हा दोन हजारांहून जास्त पाठीराख्यांनी फुकट राबून ते बांधलं. एकूण १ लाख ४० हजार तास काम. माझा शेजारी, वय सत्तर, त्यात पायऱ्यांचं काँक्रीट ओतायला होता. तो ज्या पायरीवर उभा राहतो ती 'माझीच' म्हणतो. अशा माणसाला गेटवर ओळखपत्र दाखवायला सांगा बघू.

तांबडा रस्सा, कोल्हापूर

हिकडं या मग. जर्मनीला जायची गरज न्हाई.

शाहू स्टेडियम, चारची मॅच, पेठेविरुद्ध पेठ. मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासनं वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून जातोय. आमच्याकडं ड्रम-बिम न्हाई, हलगी. आणि हलगी तापवल्याशिवाय बोलत न्हाई, हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतंय. म्हणजे गॅलरीत कागदाचा जाळ आलाच. तुमच्या मशालींचं कवतिक सांगू नका.

एका वर्षी दोन पेठांत चांगलीच जुंपली. कोण आधी, कोण नंतर, ते विचारू नका, आमचीबी चूक होती. पुढच्या मॅचला फर्मान आलं : गेट वेगळी, गॅलरी वेगळी, मिरवणूक बंद, जाळ बंद, हलगी बंद. भांडणात असतील पंचवीस-तीस पोरं. हलगी वाजवणारा म्हातारा त्या दिवशी मैदानातच नव्हता, मुलीकडं इचलकरंजीला गेलता. त्याची हलगी बंद.

मग काय, त्यानं हलगी चहाच्या टपरीवर ठेवली आणि आत येऊन बसला. हाताला सवय, ती जाईना. डब्याचं झाकण काढलं आणि बोटांनी सुरू केलं. शेजारच्यानं चप्पल काढून पायरीवर हाणली. पाच मिनिटांत आख्खी गॅलरी चप्पल आपटत होती, त्याला बंदीचा कागद कुणाकडं होता?

आमच्यापुढं एक हवालदार उभा केलता, मैदानाकडं पाठ, तोंड आमच्याकडं. डोळ्यात तेल घालून बघतोय कोण काय करतंय. गडी आमच्याच पेठेतला. गोल झाला, आम्ही उठलो, हा तसाच. मग हळूच, ओठ न हलवता : "कुणी मारला रं?"

नाद खुळा.

पिवळ्या भिंतीतला

दादा, इथंही असाच एक असतो. कुंपणावर चढून, मैदानाकडं पाठ करून नव्वद मिनिटं मेगाफोनवर गाणी घालून देतो. त्याला कापो म्हणतात. आमच्या बाजूला गोल झाला की तोही आमच्या तोंडावरूनच ओळखतो. तुमच्या हवालदाराला आणि आमच्या कापोला एकदा एका बाकावर बसवायला पाहिजे.

मेनकाठची, फ्रँकफुर्ट

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. राग मानू नका.

मुलगी आठ वर्षांची असताना तिला घेऊन गेले होते. आमच्या जागा बसायच्या होत्या, उभ्या स्टँडला लागून. खेळाडू मैदानात आले आणि पलीकडं एकदम वीसेक मशाली पेटल्या. दिसायला सुंदरच, खोटं कशाला बोलू. पण वारा आमच्या बाजूचा. तिला दमा आहे. पंप पर्समध्ये, पर्स खुर्चीखाली, आणि खाली वाकलं की धूरच धूर. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघी जिन्यात बसून होतो. मशाल लावणाऱ्यांची तोंडं झाकलेली. मी तक्रार तरी कुणाविरुद्ध करायची?

म्हणून मला विचाराल तर नाव असलेलं तिकीट चालेल. विमानाला देते, फुटबॉलला का नको? 'मूठभर लोक' असं सगळे म्हणतात, पण त्या मूठभरांभोवती छत्र्या, कापडं धरून त्यांना लपवणारे मूठभर नसतात.

ओलं बाकडं, मँचेस्टर

मेनकाठच्या ताईंचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचावं.

तरी नावाच्या तिकिटाचं सांगतो. ही कल्पना जुनी आहे. थॅचरबाईंच्या सरकारनं १९८९ मध्ये प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा आणला होता. त्याच वर्षी एप्रिलात शेफील्डला हिल्सबरो स्टेडियमची दुर्घटना घडली. माणसं लोखंडी कुंपणाला चेंगरली, एकूण ९७ मृत्यू. चौकशी करणाऱ्या न्या. टेलर यांनी १९९० च्या अहवालात ओळखपत्राच्या योजनेला विरोध केला. गेटवर एकेकाचं कार्ड तपासत बसलात तर बाहेर गर्दी तुंबेल, ही त्यातली एक मोठी भीती. योजना बारगळली. पण त्यांनीच सगळीकडं खुर्च्या बसवा म्हटलं, ते झालं, आणि वरच्या लीगमधले उभ्याचे स्टँड गेले.

गेले म्हणजे काय, माणसं खुर्चीपुढंच उभी राहायला लागली. मलाही एकदा क्लबाचं पत्र आलं होतं : आपण सातत्याने उभे राहता असे आमच्या निदर्शनास आले आहे. शाळेत बाकावर उभं करायचे, इथं उभं राहिलो म्हणून पत्र! आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग बस की मेल्या." २०२२ पासून दांडीवाल्या खुर्च्या लावून उभं राहायला पुन्हा परवानगी मिळायला लागली आहे. बत्तीस-तेहतीस वर्षं लागली.

भिंतीबाहेरचा, श्टुटगार्ट

मला बंदी नाही, माझ्या घरातल्या जोडीदाराला होती. आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो, त्यातला एक. जर्मन, सुतारकाम करायचा, आमच्याबरोबर पोहे खायचा आणि त्यावर केचप घालायचा.

बाहेरगावी मॅच होती. स्टेशनवर कुणीतरी बाटली फेकली. पोलिसांनी फलाटावरच्या सगळ्यांना घेरलं, ऐंशीएक माणसं असतील. चार तास उभं केलं, प्रत्येकाची ओळखपत्रं लिहून घेतली. तो घरी आला तेव्हा पाय सुजले होते, बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं : दोन वर्षं देशातल्या एकाही स्टेडियममध्ये पाय ठेवायचा नाही. खटला उभाच राहिला नाही, चौकशी बंद झाली. बंदी उठायला मात्र त्यानंतर आणखी पाच महिने गेले.

इथं ही बंदी कोर्ट घालत नाही, क्लब घालतात, आणि संशय पुरतो. २००६ मध्ये ड्यूसबुर्गच्या सामन्यानंतर बायर्न म्युनिक क्लबाच्या सोळा वर्षांच्या एका पाठीराख्यावर अशीच बंदी आली होती. तो घटना न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०१८ मध्ये निकाल लागला : बंदी कायम, पण मनमानी चालणार नाही, त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल आणि कारण द्यावं लागेल. म्हणजे हरला, आणि पुढच्यांसाठी थोडं जिंकला. तोवर बंदीचा काळ केव्हाच संपून गेला होता.

आमचा सुतार त्या काळात घरी बसला असेल असं वाटतं ना? एक मॅच चुकवली नाही. गटाबरोबर त्याच बसनं, त्याच गाडीनं जायचा. गेटवर बाकीचे आत, हा बाहेर. एकदा मी त्याच्याबरोबर बाहेर थांबलो. डिसेंबर, उणे तीन. सॉसेजच्या गाडीच्या आडोशाला उभे होतो. मी फोनवर स्कोअर बघायला लागलो तर त्यानं फोन खिशात ठेवायला लावला. म्हणाला, ऐक. आवाज सगळीकडून आला, एकदम जाड, तर गोल त्यांचा. एका कोपऱ्यातून बारीक आला आणि बाकी सगळं चिडीचूप, तर आपला. पाहुण्यांना कोपराच देतात ना. त्या दिवशी कोपऱ्यातून एकदाच आवाज आला. तो उड्या मारत होता, सॉसेजवाला त्याच्याकडं बघत होता.

आतल्या कुंपणावर आमच्या गटाचं कापड असायचं, 'बाहेर ठेवलेले आमच्यासोबत'. त्याला ते दिसायचं नाही. दर वेळी कुणीतरी फोटो पाठवायचं.

सात टेकड्या, आधी रोम, आता ठाणे

थोडक्यात. २०१५ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिको स्टेडियमच्या दोन्ही टोकांच्या स्टँडांत मधोमध अडसर उभे केले, सुरक्षेसाठी म्हणून. रोमावाले आणि लाझिओवाले, एकमेकांचं तोंड न बघणारे, दोघांनीही स्टँडावर बहिष्कार घातला. मी पुढच्या वर्षी एक मॅच बघितली. टोकाचा स्टँड भकास. माझ्या वर्गातला रोमन पोरगा म्हणाला, हे स्टेडियम नाही, दंतवैद्याची खोली आहे. २०१७ मध्ये अडसर काढले. इटलीत त्याआधी, २०१० पासून, बाहेरगावच्या सामन्याला सरकारनं सक्तीचं केलेलं पाठीराख्याचं कार्ड लागायचं. ते न घेता घरी बसणारेही पुष्कळ होते.

फातोर्ड्याचो, मडगाव

बंदी-बिंदी सोडा. २०२०-२१ ला कोविडमुळं आख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग) आमच्या गोव्यात : फातोर्डा, बांबोळी, वास्को. माझ्या घरातून फातोर्ड्याचे दिवे दिसतात. सगळ्या देशाचे संघ आमच्या दारात आणि आत सोडत नाहीत! टीव्ही लावला तर त्यात गर्दीचा आवाज घातलेला. बाबा बाल्कनीत गेले, परत आत आले. टीव्हीवर हजारो लोक ओरडतायत आणि बाल्कनीत बेडूक. म्हणाले, "हें कितें रे?" आणि आवाज बंद करून मॅच बघितली.

ढोलकरी, मुंबई

आयएसएलचं एक मैदान, कुठलं ते सांगत नाही. आमचा गट पन्नास जणांचा. गेटवर ढोल आत नेऊ देईनात. का, तर यादीत नाही. यादी दाखवा, तर यादी साहेबांकडं. साहेब कुठे, तर आत. दोन ढोल सिक्युरिटीच्या टेबलाखाली ठेवले. ब्रेकमध्ये मैदानाच्या मोठ्या स्पीकरवर काय वाजलं सांगा. ढोल-ताशा, रेकॉर्डेड.

मेनकाठची, फ्रँकफुर्ट

भिंतीबाहेरचा, तुमच्या त्या सुताराचं रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. मशालीबद्दल माझं मत बदललेलं नाही. स्टेशनवरच्या ऐंशी जणांबद्दल मात्र विचार करतेय.

धागाकर्ते, एक खासगी प्रश्न, पण इथंच विचारते. मुलगी आता चौदाची आहे, दमा बराच आटोक्यात आहे. वाढदिवसाला तुमच्या त्या स्टँडात उभं राहायचंय म्हणते. मीही येणार. कुठं उभं राहावं? आणि तिकीट मिळतं का?

पिवळ्या भिंतीतला

या की. खाली कुंपणाशी नको, तिथं मॅच कमी आणि झेंडे जास्त दिसतात. मधोमध जा आणि आडवी लोखंडी दांडी तुमच्या पाठीशी येईल अशा उभ्या राहा. पुढं नाही, पाठीशी. गोल झाल्यावर वरून लोंढा येतो तो दांडीवर अडतो. जिना डाव्या हाताला ठेवा. पंप खिशात, पर्समध्ये नको. कानात घालायला बोळे आणा.

तिकीट विकत मिळणं कठीण. पण माझ्या शेजारी उभे राहणारे दोघं भाऊ आहेत. थोरल्याचं फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि धाकटा त्याच्याशिवाय येत नाही. विचारून ठेवतो. अजून तरी आपलं तिकीट दुसऱ्याला देता येतं.