मदत हवी आहे: २० हजारांच्या आत घरी वापरायला टेबल सॉ कोणता घ्यावा?

काळी_माती
नमस्कार. घरी लाकूडकामासाठी टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर आलेलं असतं आणि फळी त्यावर ढकलायची, ती मशीन) घ्यायचा आहे. बजेट २० हजार, फार ताणलं तर २२. ऑनलाइन एक १० इंची ब्लेडचा १६ हजारांत दिसतोय, पण कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. बॉश, डिवॉल्टचे ४० हजारांच्या पुढेच आहेत. हा घेऊ की नको? फळ्या ओसरीत पडून आहेत, पाऊस तोंडावर आलाय, आमचा वाढई नुसता आज-उद्या करतोय. वापरलेल्यांनीच सांगा आणि लवकर सांगा, सेल रविवारी संपतो.

रंधा_मास्तर
काय बनवायचं आहे? लाकूड कोणतं, जाडी किती? गावात लाइटची काय स्थिती? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

काळी_माती
दिवाण, दोन दरवाजे, देवघर. साग. दारव्हा तालुका. लाइट आहे, तिचा इथे काय संबंध?

नागपूरचा_हौशी
१६ हजार कशाला घालवता? चार इंची मार्बल कटर घ्या, प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवा, लाकडाचं ब्लेड लावा. तीन-चार हजारांत टेबल सॉ तयार. माझी सगळी कपाटं त्याच्यावरच झाली.

रंधा_मास्तर
@नागपूरचा_हौशी कृपा करून हे कोणाला सुचवू नका. मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे फिरतो, त्याची कापायची खोली जेमतेम सव्वा इंच, आणि ब्लेडमागे रिव्हिंग नाइफ नाही. सागाची फळी चिरताना चीर मागून मिटते, ब्लेडला चिमटा बसतो आणि फळी सरळ तुमच्या पोटाकडे येते. तसा फटका बसलेला कारागीर मी पाहिलाय. रिव्हिंग नाइफ म्हणजे ब्लेडच्या मागे, त्याच रेषेत उभी असलेली पातळ पट्टी. ती चीर मिटू देत नाही. १६ हजारांच्या मशिनाच्या फोटोत ती दिसते का, आधी ते बघा.

नागपूरचा_हौशी
मी आठ एमएमचा प्लाय कापतो, साग नाही. आणि हात लांब ठेवतो. इतकी वर्षं काही झालं नाही.

रंधा_मास्तर
प्लाय अंतर्गत ताणाने मिटत नाही, भरीव साग मिटतो. म्हणून तर लाकूड कोणतं हे मी आधी विचारलं.

तारजोड
भाऊ, लाइटचा संबंध सांगतो. १० इंची मशीन साधारण १८०० वॅटचं असतं, २३० व्होल्टवर ८ अँपिअरच्या आसपास घेतं. इंडक्शन मोटर असेल तर तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. १७० व्होल्ट मिळाले की जोर राहतो ५५ टक्के. ब्लेड लाकडात अडकतं, मोटर गुरगुरते, वाइंडिंग जळतं. वरून लोक पंख्याच्या बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शन लावतात, म्हणजे आणखी घट. मल्टिमीटर घ्या, सकाळी आणि दिवेलागणीला व्होल्टेज मोजा, मग मशीन निवडा. मीटरपासून २.५ चौरस मिमीची तांब्याची वेगळी वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट तर लागेलच.

कपाशीवाला
त्यापेक्षा शेतातली थ्री फेज वापरा की. २ एचपीची जुनी मोटर, बेल्ट, गोल आरा. आमच्याकडे चालतो.

तारजोड
शेतीपंपाच्या जोडणीवर लाकूड चिरणं म्हणजे ज्यासाठी वीज दिली त्यापेक्षा वेगळा वापर. वीज कायदा २००३, कलम १२६. बिल अंगावर येईल. उघड्या बेल्टात धोतराचा सोगा अडकण्याची भीती वेगळीच.

डिझाइन_डोअर
सागाचे दरवाजे कशाला? डब्ल्यूपीसीचे (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचे) घ्या. वाळवी नाही, पावसाळ्यात फुगत नाही.

काळी_माती
डब्ल्यूपीसी नको. लाकूड आमच्या जुन्या घराचं आहे. आजोबांच्या काळातल्या छताच्या तुळया आणि फळ्या. घर पाडलं, पण ते लाकूड विकायचं मन होत नाही, त्याचंच सगळं करायचं आहे. तुळया ५ इंच जाड आहेत, फळ्या इंच-सव्वा इंचाच्या.

रंधा_मास्तर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं हो! १० इंची ब्लेड सरळ उभं असताना जास्तीत जास्त ८० मिमीच्या आसपास कापतं. ५ इंच म्हणजे १२७ मिमी. तुमची तुळई ४० हजारांच्या मशिनावरही एका फेरीत चिरली जाणार नाही.

वाढई_दिग्रस
भाऊ, जुन्या घरचं लाकूड म्हनता, त पयले खिळे पाहा. जुन्या घरात लोहारानं घडवलेले चौकोनी खिळे रायतात, डोकं तुटते अन् बाकी आत रायते, वरून दिसत नाही. सागात लोखंडाभोवती काया डाग पडते. डाग दिसला का तिथं छिन्नीनं खोदा. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याले बांधून फळीवरून हळूहळू फिरवा, जिथं वढते तिथं खडूनं खूण करा. खिळा लागला त ब्लेडचा दात उडून डोयात जाते. चष्मा लावल्याबिगर मशीन सुरू करू नका. अन् हातमोजे घालू नका, मोजा वढून नेते ब्लेड. आरा मिलवालेबी खिळ्याचं लाकूड घेत नाहीत, त्याईचा पट्टा खराब होते. सारे खिळे काढून, मालकाले दाखवून न्या, तवा चिरून देतीन.

नागपूरचा_हौशी
नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजमध्ये विचारा, आजच्या सागाला तो जुना घट्टपणा नाही. तसा आपल्या भागातला साग कमी नाही, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहूनच गेला होता.

कपाशीवाला
आलापल्लीचा साग एकदा बघा, मग बोला.

तारजोड
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे भाऊ अडकला आहे.

काळी_माती
व्होल्टेज मोजलं. सकाळी २१८, संध्याकाळी सातला १७२. फोटो नीट मोठे करून पाहिले, १६ हजारवाल्यात रिव्हिंग नाइफ दिसत नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे “सेफ्टी कव्हर आहे”. मग आता काय करू?

रंधा_मास्तर
तो सोडा. कव्हर बोटं वाचवतं, फळी उलटी येणं थांबवत नाही. माझं मत: तुळया खिळे काढून आरा मिलवर दीड इंचात चिरून आणा. फळ्यांसाठी चांगल्या कंपनीचा ७ इंची सर्क्युलर सॉ (हातात धरून फळीवरून चालवायची गोल ब्लेडची करवत) घ्या, साधारण ६५ मिमी कापतो, तुमच्या बजेटच्या निम्म्यात बसेल. अ‍ॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप दोन सी क्लॅम्पने फळीवर आवळा आणि मशीन त्याला घासत न्या. यात फळी जागेवर राहते, मशीन फिरतं, म्हणून लांब दरवाजाची फळी एकट्याने चिरता येते. चिरलेल्या भागात पाचर ठोकत चला म्हणजे चीर मिटणार नाही. मशीन मात्र दोन्ही हातांनी धरा, ब्लेड अडकलं तर तेही मागे उसळतं. काम सकाळीच करा, २१८ पुरेसे आहेत. उरलेले पैसे चांगला गुण्या (काटकोन तपासायचं साधन), ब्लेड आणि मास्कमध्ये घाला, सागाचा भुसा छातीला आणि कातडीला त्रास देतो.

वाढई_दिग्रस
मास्तर बरोबर सांगून रायले. देवघराच्या बारीक पट्ट्या मात्र मशिनावर करू नका, हातकरवतीनं करा.

काळी_माती
ठीक आहे, सर्क्युलर सॉच घेतो. सेल गेला तर गेला. यवतमाळला दुकानात हातात घेऊन बघतो. शेवटचं विचारतो, ब्लेड २४ दातांचं की ४० चं?

रंधा_मास्तर
उभं चिरायला २४. आडवं कापायला ६० चं वेगळं घ्या, टोकं फाटत नाहीत. दोन्ही टीसीटीच (टंगस्टन कार्बाइडच्या टोकांच्या दातांची) घ्या, सागात सिलिका असते, साध्या पोलादाची धार लगेच जाते. आणि ब्लेडच्या भोकाचं माप मशिनाच्या शाफ्टशी दुकानातच जुळवून बघा.