मदत हवी आहे: थायरॉइडची गोळी चालू, तरी थकवा जात नाही (ठाणे)

बायकोसाठी विचारतोय. वय 41, वजन 68 किलो, राहायला कासारवडवलीला. दोन वर्षांपूर्वी टीएसएच (थायरॉइड कमी काम करत असेल तर वाढणारं हार्मोन) 14 आला, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज) पॉझिटिव्ह. तेव्हापासून थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम. मार्चमध्ये टीएसएच 6.8, आता 6.1. फॅमिली डॉक्टर म्हणतात, "थोडाच जास्त आहे, चालू द्या." इकडे केस गळतात, पोट साफ होत नाही आणि संध्याकाळी सातलाच डोळे मिटतात.

गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत. पूर्वी लगेच चहा व्हायचा, मार्चपासून तासाभराने (हे पथ्य गोळीपेक्षा कडू निघालं). कॅल्शियम रात्री. गोळीची कंपनी तीच. हिमोग्लोबिन, बी12 ठीक. मधुमेह, हृदयाचा त्रास नाही, गरोदर नाही. डोस स्वतःहून वाढवणार नाही. धण्याचं पाणी वगैरे कृपया सुचवू नका, करून झालंय.

तिला फक्त शनिवारी दुपारनंतर वेळ असतो. ठाणे किंवा ऐरोली-वाशीकडे तेव्हा बसणारे, रिपोर्टबरोबर लक्षणंही ऐकून घेणारे एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) कुणाला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहेत का? आणि जाताना फ्री टी4 (रक्तातलं थायरॉइड हार्मोन मोजणारी टेस्ट) करून न्यावा, की ते सांगतील तेव्हाच?