शब्दचर्चा : डायनोच्या कागदावरचे 'व्हील', 'क्रँक' आणि 'करेक्टेड' एचपी

प्रश्न

पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं). एकाच गाडीचे डायनोचे (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) दोन कागद आहेत. एकावर ११७ 'डब्ल्यूएचपी' (व्हील एचपी), दुसऱ्यावर १५३ 'पीएस करेक्टेड'. मधल्या काळात गाडीत काहीही बदललेलं नाही. कंपनीचा आकडा ११० पीएस. मग रिमॅपने ७ वाढले की ४३? या शब्दांचा नेमका अर्थ कुणी सांगेल का?

प्रतिसाद

एककापासून सुरू करू. पीएस हा जर्मन घोडा : ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं, म्हणजे ७३५.५ वॅट. इंग्रजी एचपी ७४५.७ वॅट. फरक दीड टक्क्याच्या आतच, त्यामुळे ११७ आणि १५३ मधली दरी काही यातून निघत नाही.

'बीएचपी' हा वेगळा, जास्त 'खरा' घोडा आहे असा समज दिसतो. तसं नाही. त्यातला ब्रेक म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवर भार टाकून मोजायचा ब्रेक. त्यामुळे 'व्हील बीएचपी' असं लिहिलेलं पाहिलं की हसू येतं, पण ते आता रुळलंय.

प्रतिसाद

'अश्वशक्ती' कुठे वापरता येईल का? की तो शब्द पाठ्यपुस्तकातच राहिला?

प्रतिसाद

गावात विहिरीवरच्या मोटरीलाही कुणी अश्वशक्ती म्हणत नाही, 'पाच एचपीची मोटर'च म्हणतात. पण तिथे एक सोय आहे : प्लेटवरचा आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचाच असतो, हे ठरलेलं आहे. गाड्यांच्या डायनोत तसं काही ठरलेलं नाही, सगळा घोळ तिथे आहे.

आता कागदांकडे येतो. 'व्हील' म्हणजे चाकावर मोजलेलं, 'क्रँक' म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारं. कंपनी क्रँकचा आकडा देते, रोलरचा डायनो चाकावर मोजतो. मधे गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर हे सगळे आपापला वाटा खातात. किती खातात ते बऱ्याच ठिकाणी मोजलंच जात नाही, सरसकट १५ टक्के धरून भागून टाकतात. हे मला पटत नाही. गिअरबॉक्समध्ये तेल घुसळण्यात आणि बेअरिंगमध्ये जाणारी ताकद मुख्यतः आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) ठरते, फक्त दात्यांचं घर्षण आणि टायरमधलं नुकसान टॉर्कबरोबर (फिरवण्याच्या जोराबरोबर) वाढतं. रिमॅप केल्यावर गिअरबॉक्स तोच राहतो. मग तोटाही त्याच टक्केवारीने का फुगावा? माहासारख्या काही डायनोत रन संपल्यावर क्लच दाबून रोलर आपोआप मंदावू देतात आणि त्यावरून ओढ मोजतात. तो अंदाज बरा.

'करेक्टेड' हा मात्र सगळ्यात फसवा शब्द. मूळ हेतू चांगला आहे. पुण्यात हवा विरळ, उन्हाळ्यात गरम. मुंबईत समुद्रसपाटीची दाट. दोन्हीकडचे आकडे तुलनेला यावेत म्हणून ठरावीक हवेवर आणतात. एसएई जे १३४९ या मानकात ती हवा २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा अशी धरली आहे. समजा डायनोच्या खोलीत ३५ अंश आहेत आणि कोरड्या हवेचा दाब ९२.५ किलोपास्कल. सूत्रात टाकलं की गुणक येतो १.१०. म्हणजे मोजलेल्या आकड्यात सरळ १० टक्के भर.

पण हे सूत्र साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनासाठी बेतलेलं आहे, जे बाहेर असेल ती हवा मुकाट्याने ओढतं. टर्बोचं तसं नाही, तो हवा दाबून इंजिनात भरतो. तुमच्या टीएसआयचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इनटेकमधला प्रत्यक्ष दाब बघतो. बाहेर हवा विरळ असली तर वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून धूर सोडणारी झडप) जरा जास्त बंद ठेवतो, टर्बाइन जास्त जोरात फिरते आणि ठरलेला दाब गाठला जातो. जे नुकसान इंजिनाला झालंच नाही, त्याची भरपाई कागदावर मिळते.

शिवाय आयएसओ १५८५ या मानकात हा गुणक ०.९३ ते १.०७ च्या बाहेर गेला तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत. १.१० छापून देणारा डायनो त्या मर्यादेच्याही पुढे गेला.

आता तुमचा हिशेब करून बघा :

११७ × १.१० = १२८.७
१२८.७ ÷ ०.८५ = १५१.४
पीएसमध्ये, साधारण १५३.

दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतायत, फक्त दुसऱ्याने मधे दोन वेळा गुणाकार-भागाकार केलाय.

प्रतिसाद

थोडी हरकत. ज्या जुन्या टर्बो गाड्यांत वेस्टगेटला नुसती स्प्रिंग आहे, तिथे बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) बाहेरच्या हवेच्या वर मोजला जातो. हवा विरळ तर एकूण दाबही कमी. तिथे थोडं करेक्शन रास्त आहे. आणि उष्णतेचा फटका टर्बोलाही बसतोच.

प्रतिसाद

मान्य. शून्य करेक्शन हेही शंभर टक्के बरोबर नाही. पण पूर्ण १० टक्के घेण्यापेक्षा मी 'अनकरेक्टेड' आकडा बघेन आणि शेजारी तापमान लिहून ठेवेन.

टर्बोच्या बाबतीत अजून एक गोष्ट, जिच्यावर फार कमी बोललं जातं : भार. नुसता जड ड्रम फिरवणाऱ्या डायनोवर, डायनोजेटच्या साध्या मॉडेलसारख्या, खालच्या गिअरमध्ये रन केला तर इंजिन झटक्यात वर चढतं, बूस्ट भरायच्या आतच तळाचे आरपीएम निघून जातात. ब्रेक लावणाऱ्या डायनोवर तीच गाडी सावकाश चढते आणि २००० आरपीएमलाच टॉर्क भरगच्च दिसतो. उलट सावकाश रनमध्ये इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) तापतो. समोरचा पंखा टेबल फॅनच्या जातीचा असेल, तर तिसऱ्या-चौथ्या रनला ईसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि आकडा घसरतो. म्हणून एकच कागद दाखवणाऱ्याला मी विचारतो, हा कितवा रन?

प्रश्नकर्ता

दुसऱ्या कागदाच्या तळाशी 'सीएफ (करेक्शन फॅक्टर) १.१०', 'स्मूदिंग ५' असं बारीक अक्षरात आहे. सर्वात वरचा आकडा (पीक) ५५०० आरपीएमला. मग खरा आकडा कोणता धरू?

प्रतिसाद

स्मूदिंग म्हणजे आलेखावरचे खाचखळगे इस्त्री करणं. ५ म्हणजे बरीच इस्त्री. गाडी वर जाऊन धाप टाकत असेल तर ते त्यात लपतं.

आकडा स्वतःच तपासून बघा. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागलं की पीएस येतात. ५५०० ला १५३ पीएस म्हणजे तिथे १९५ एनएम टॉर्क हवा. कंपनीच्या ट्यूनमध्ये ५५०० ला ११० पीएस धरले तर १४० एनएमच होतात. एक लिटरच्या तीन सिलिंडरचा तो इवलासा टर्बो त्या आरपीएमला नुसत्या रिमॅपवर ३९ टक्के जास्त टॉर्क देईल? मला शंका आहे. माझा अंदाज क्रँकवर १३० एचपीच्या आसपास, तोही मॅन्युअल फ्रंट व्हील ड्राइव्हला १० टक्के तोटा धरून.

आणि ११७ मधून ११० वजा करून '७ वाढले' असंही म्हणू नका. एक चाकावरचा, दुसरा क्रँकवरचा.

प्रश्नकर्ता

म्हणजे वाढ किती झाली ते कळणारच नाही?

प्रतिसाद

कळेल. ट्यूनरकडून (रिमॅप करणाऱ्याकडून) स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ फाइल परत टाकून घ्या, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा आणि गाडी बांधायचे पट्टे तेवढेच ताणून तीन रन घ्या. मग रिमॅप टाकून लगेच तीन. करेक्शन बंद, स्मूदिंग कमीत कमी. दोन्हींतला फरक तेवढा कामाचा. बहुतेक ट्यूनर रिमॅपच्या आधी असा रन घेतातही. तुमच्याकडे तो कागद आहे का?

प्रश्नकर्ता

नाही. 'स्टॉकचा रन कशाला, कंपनीचा आकडा आहेच की' असं म्हणाले होते.